तोंडाच्या कॅन्सरच्या मिथायलेशन मार्करवर डिझर्टेशन करताय? मग किट मागवायच्या आधी हे वाचा

ओरल पॅथॉलॉजीच्या एमडीएसला किंवा एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला गाईड टॉपिक देतात, पी१६ प्रोमोटर मिथायलेशन इन ओरल स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (म्हणजे तोंडाच्या कॅन्सरमध्ये पी१६ हा जीन मिथाइल ग्रुपच्या रासायनिक खुणेने बंद पडलाय का ते बघणं), आणि मुलं थेट किटचं कोटेशन मागवायला पळतात. थांबा जरा. किट शेवटी. आधी हे ठरवा की तुमचा मार्कर नक्की कुणाला कुणापासून वेगळं काढणार आहे. कारण पंचावन्न वर्षांचा कॅन्सरचा पेशंट आणि आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा न चघळलेला फर्स्ट इयरचा पोरगा, यांच्यातला फरक दाखवायला मिथायलेशन लागत नाही, तोंड उघडायला सांगितलं तरी कळतं. खरा प्रश्न ओपीडीच्या खुर्चीत बसलेल्या त्या माणसाचा आहे ज्याच्या गालात पांढरा चट्टा आहे, वीस वर्षं तंबाखू आहे, आणि हा चट्टा पुढे काय करणार ते कुणालाच माहीत नाही. सिनॉप्सिस नाशिकला आरोग्य विद्यापीठाकडे जायच्या आधी एवढं एक वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहून काढा, बाकी सगळं त्यावरून ठरतं.

बेसिक पटकन उरकते, कारण वायव्हाला एक्स्टर्नल इथूनच सुरू करतो. ट्यूमर सप्रेसर जीन म्हणजे पेशीने वाट्टेल तसं वाढू नये म्हणून लगाम धरून बसलेले जीन, आणि ते बंद पडायला साधारण दोन्ही कॉप्या जाव्या लागतात, हा नुडसनचा १९७१ चा टू-हिट विचार, लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमावरून मांडलेला. पण हिट म्हणजे दर वेळी म्युटेशनच असेल असं नाही. जीनच्या सुरुवातीला प्रोमोटर असतो, तिथे बऱ्याचदा सीपीजी आयलंड असतं म्हणजे सायटोसीन आणि लगेच पुढे ग्वानीन अशा जोड्यांची दाटी, आणि डीएनए मिथाइलट्रान्सफरेज नावाची एन्झाइम्स त्या सायटोसीनच्या पाचव्या कार्बनवर मिथाइल ग्रुप बसवतात. आयलंड असं भरून गेलं की क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि प्रोटीनची गुंडाळी, आवळलं जातं आणि जीन गप्प होतो. डीएनएचं एक अक्षरही बदललेलं नसतं, त्यामुळे साधं सिक्वेन्सिंग केलं तर सगळं नॉर्मल दिसतं. हिस्टोन, मायक्रोआरएनए हेसुद्धा एपिजेनेटिक्समध्येच (अक्षरं न बदलता जीन चालू-बंद होण्याच्या अभ्यासात) येतं पण डिझर्टेशनच्या पैशात आणि वेळात मिथायलेशनच झेपतं, ते डीएनएला पक्कं चिकटलेलं असतं, पॅराफिन ब्लॉकमध्ये म्हणजे मेणात बसवलेल्या बायोप्सीच्या तुकड्यात वर्षानुवर्षं टिकतं, पीसीआरने म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढून पकडता येतं. आरएनए बिचारा ओपीडीतून लॅबपर्यंत येईस्तोवर अर्धा झालेला असतो.

आता जीन कुठले घ्यायचे. पी१६, म्हणजे सीडीकेएन२ए, नऊ नंबर क्रोमोसोमवर ९पी२१ ला बसतो, सीडीके४ आणि सीडीके६ ला अडवतो आणि पेशीला जी१ मध्ये, म्हणजे डीएनएची कॉपी करायच्या आधीच्या टप्प्यावर, थांबवतो. हा सगळ्यांनाच हवा असतो आणि घ्यायलाही हवा. एमजीएमटी हा डीएनए दुरुस्तीवाला, ग्वानीनला चिकटलेले अल्किल ग्रुप काढून टाकतो, आणि तंबाखूतली नायट्रोसअमाइन्स नेमके तसलेच ग्रुप चिकटवत असतात, त्यामुळे आपल्याकडच्या पेशंटमध्ये तो बघायला अर्थ आहे. डीएपीके१ पेशी मरण्याच्या रस्त्यावरचा. सीडीएच१ म्हणजे ई-कॅडहेरिन, पेशी एकमेकींना धरून ठेवणारा. आरएएसएसएफ१ए पण बरेच जण घेतात. माझं मत विचाराल तर तीन घ्या आणि नीट करा, सात घेऊन सातही अर्धवट करू नका. एकच जीन घेऊनही भागत नाही, कारण कुठलाच जीन सगळ्या ट्यूमरमध्ये मिथायलेट होत नाही. २००१ मध्ये हेड अँड नेकच्या ३० पेशंटवर पी१६, एमजीएमटी आणि डीएपीके असे तीन जीन बघितलेला अभ्यास आला होता, त्यात १७ ट्यूमरमध्ये तीनपैकी निदान एक तरी मिथायलेट होता, आणि त्या १७ पैकी ११ जणांच्या लाळेत तेच सापडलं. लोक ११ ऐकून खूश होतात. मी ३० मधल्या उरलेल्या १३ कडे बघते, ज्यांच्या ट्यूमरमध्येच काही नव्हतं, मग लाळेत काय सापडणार डोंबल! ही टेस्टची मर्यादा सुरुवातीपासूनच असते, लॅबमध्ये कितीही घासलंत तरी जात नाही.

ग्रुप पाडताना कमीत कमी चार पाडा. बायोप्सी झालेले कॅन्सरचे पेशंट, मग ल्यूकोप्लेकिया म्हणजे पांढरा चट्टा किंवा ओएसएमएफ म्हणजे सुपारीने तोंड आखडणारा ओरल सबम्यूकस फायब्रोसिस (डिस्प्लेजियाची, म्हणजे पेशी किती बिघडल्यात त्याची, ग्रेड पॅथॉलॉजिस्टने दिलेली हवी, नुसतं बघून लिहिलेली नको), मग तंबाखू-सुपारी खाणारे पण तोंडात काहीच नसलेले, आणि शेवटी कधीच न खाणारे. तिसरा ग्रुप गाळायचा मोह सगळ्यांना होतो कारण ओपीडीत अशा माणसाला थांबवून लाळ दे म्हणणं जिकिरीचं असतं, तो दात काढायला आलेला असतो आणि त्याला घरी जायचं असतं. पण तोच ग्रुप तुमची थीसिस वाचवतो. तंबाखू स्वतःच मिथायलेशन बदलतो. सिगरेट ओढणाऱ्यांच्या रक्तात एएचआरआर जीनच्या एका ठरावीक जागेचं मिथायलेशन इतकं हमखास कमी होतं की त्यावरून माणूस ओढतो की नाही हे ओळखता येतं. वयानेही मिथायलेशन बदलतं. त्यामुळे कॅन्सरवाले पन्नाशीचे तंबाखूवाले आणि कंट्रोल पंचविशीचे बिनतंबाखूवाले असं असेल तर जो फरक दिसेल तो कॅन्सरचा आहे का तंबाखूचा आहे का वयाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि आणखी एक, कॅन्सरच्या बाजूचाच तुकडा घेऊन त्याला अ‍ॅडजसंट नॉर्मल म्हणून कंट्रोल करू नका. फील्ड कॅन्सरायझेशन १९५३ पासून माहीत आहे, ट्यूमरभोवतीचं दिसायला चांगलं असलेलं म्यूकोसा मॉलिक्युलर पातळीवर चांगलं असेलच असं नाही. तो तुकडा घ्या जरूर, पण वेगळा ग्रुप म्हणून.

हिस्टरी घेणं हा लोक सगळ्यात हलका समजतात तो भाग. केस पेपरवर टोबॅको येस किंवा नो एवढंच असतं आणि त्यातलं नो खोटं असू शकतं, म्हणजे पेशंट खोटं बोलत नाही, प्रश्नच चुकीचा असतो. बाईला विचारा तंबाखू खाता का, ती नाही म्हणेल. मग विचारा मशेरी लावता का, तर सकाळ-संध्याकाळ लावते, लहानपणापासून. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, पण तिच्या लेखी ते दात घासणं आहे. पुरुषांना बार भरता का असं विचारा, मावा की गुटखा की नुसती चुना-तंबाखू, दिवसाला किती पुड्या, कुठल्या गालात धरता, रात्री तोंडात ठेवून झोपता का. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे म्हणून गुटख्याचं नाव घ्यायला काही जण कचरतात, त्यांना सांगा की हे पोलिसाचं काम नाही. नुसती सुपारी खाणाऱ्याला बाजूला टाकू नका, तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा आयएआरसीच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या) यादीत ग्रुप १ मध्ये आहे म्हणजे माणसात कॅन्सर करते हे पक्कं झालेलं. दारू वेगळी विचारा. सोडली असेल तर कधी सोडली. हे सगळं एका कागदावर छापून घ्या, मराठी आणि हिंदी दोन्हीत, मुंबईतल्या ओपीडीत फक्त मराठी फॉर्म घेऊन बसलात तर अर्धे पेशंट सही करतील पण वाचणार नाहीत. कन्सेंट फॉर्मही तसाच दोन्ही भाषांत हवा, आयसीएमआरची २०१७ ची एथिक्स गाईडलाईन काढून बघा, उरलेलं सँपल साठवणार असाल आणि पुढे दुसऱ्या कामाला वापरणार असाल तर ते आधीच लिहून परवानगी घ्यायची असते. रिसर्चसाठी म्हणून बायोप्सीचा तुकडा मोठा काढायचा हे चालणार नाही, निदानाला लागतो तेवढाच, त्यातून उरलं तर तुमचं.

सँपलकडे येऊ. तीन पर्याय असतात, ताजा तुकडा, पॅराफिन ब्लॉक, आणि लाळ किंवा गुळणी.

पॅराफिन ब्लॉक सगळ्यात सोयीचे कारण डिपार्टमेंटच्या कपाटात पडलेले असतात आणि फॉलोअपही कधीकधी मिळतो. पण फॉर्मलिनने डीएनएचे तुकडे होतात, त्यामुळे पीसीआरचा प्रॉडक्ट १५० बेसपेअरच्या आसपास किंवा त्याहून लहान ठेवा, ३०० चा प्रॉडक्ट देणारे प्रायमर (कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) घेतलेत तर चांगलं सँपलसुद्धा फेल होईल. बफर न केलेल्या फॉर्मलिनमध्ये किंवा आठवडाभर पडून राहिलेल्या तुकड्याचा ब्लॉक शक्यतो घेऊच नका. सेक्शन काढायच्या आधी एचअँडई स्लाइड (नेहमीच्या रंगाने रंगवलेली) पॅथॉलॉजिस्टसोबत बसून बघा आणि ट्यूमरचा भाग पेनने आखून घ्या, मग बाकीच्या सेक्शनवरून तेवढाच भाग ब्लेडने खरवडून घ्यायचा. हे न करता अख्खा सेक्शन ट्यूबमध्ये टाकला तर त्यात स्नायू, लिंफोसाइट, नॉर्मल एपिथेलियम सगळं येतं आणि मिथायलेटेड डीएनए त्या गर्दीत बुडून जातो. मायक्रोटोमचं ब्लेड प्रत्येक ब्लॉकला बदला, नाहीतर मागच्या पेशंटचा कॅन्सर पुढच्याच्या ट्यूबमध्ये जातो.

लाळेचं वरवर सोपं वाटतं. पेशंटने तासभर आधी काही खाल्लं-प्यालं नसावं, बार तर नाहीच, पण तो वेटिंगमध्ये बसून भरतो, त्यामुळे खुर्चीत बसल्यावर आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायला लावा आणि दहा मिनिटं थांबा. मग लाळ ट्यूबमध्ये सोडायला सांगायची, खाकरून नको, बेडका नको, तोंडात आपोआप साठेल तेवढीच. ओएसएमएफवाल्याचं तोंडच उघडत नाही आणि लाळही कमी येते, त्याला सलाईनची गुळणी द्या, पण मग सगळ्यांनाच गुळणी द्या, अर्ध्यांची लाळ आणि अर्ध्यांची गुळणी असं मिसळू नका. सेंट्रिफ्यूज केल्यावर खाली पेशींचा थर बसतो. बिनसवयीच्या माणसाचा पांढुरका असतो, मावा खाणाऱ्याचा विटकरी, काताचा रंग अगदी ट्यूबच्या बुडाला धरून बसलेला, वर सुपारीचे बारीक कण दिसतात. तो रंग तसाच ठेवून एक्स्ट्रॅक्शन केलं तर सुपारी-कातातली टॅनिन्स डीएनएसोबत येतात आणि पीसीआर अडवतात, आणि मग गंमत बघा, ज्या ग्रुपमध्ये तुम्हाला मिथायलेशन शोधायचंय त्याच ग्रुपमध्ये पीसीआर फेल होतो आणि तुम्ही त्याला निगेटिव्ह लिहून मोकळे होता. पीबीएसने (मिठाच्या बफरने) दोन-तीनदा धुवा, वरचं पाणी स्वच्छ येईपर्यंत. नॅनोड्रॉप या डीएनए मोजायच्या मशिनवर २६०/२३० चा, म्हणजे डीएनएच्या शुद्धतेचा, रेशो खाली आला तर पुन्हा क्लीनअप करा. लाळेत पांढऱ्या पेशींचा डीएनए भरपूर असतो हेही डोक्यात ठेवा, हिरड्या सुजलेल्या असतील तर आणखी, म्हणून पेरिओची म्हणजे हिरड्यांची स्थितीही टिपून ठेवा.

तुमची ओपीडी एकीकडे आणि लॅब दुसरीकडे असेल, समजा सीएसएमटीहून खारघरला न्यायचंय, तर आईसबॉक्स घेऊन भर गर्दीत लोकलमध्ये शिरू नका, दुपारची ट्रेन बघा. पेशी वेगळ्या करून गोठवूनच निघालेलं बरं. पावसाळ्यात हार्बर लाईन कधी बंद पडेल सांगता येत नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये ओपीडीच्या जवळच्याच डीप फ्रीजरमध्ये जागा मागून ठेवा आणि −८० वर ठेवून एकदम न्या.

आता बायसल्फाइट, सगळ्या कामाचा कणा. १९९२ मध्ये ही पद्धत आली. सोडियम बायसल्फाइट साध्या सायटोसीनचं युरॅसिल करतं आणि पीसीआरमध्ये ते थायमिन म्हणून वाचलं जातं, मिथायलेटेड सायटोसीन मात्र सायटोसीनच राहतं. म्हणजे जो फरक सिक्वेन्समध्ये दिसत नव्हता तो आता अक्षरात आला. अट एकच की डीएनए सुट्टा, एकेरी झालेला असला पाहिजे. डबल स्ट्रँडेड राहिलेल्या भागात केमिकल पोचत नाही, तिथला साधा सायटोसीन तसाच राहतो आणि तुम्हाला मिथायलेटेड वाटतो. फॉल्स पॉझिटिव्हचं हे सगळ्यात मोठं कारण. म्हणून डीएनए स्वच्छ हवा, प्रोटीन चिकटलेलं नको, साधारण ५०० नॅनोग्रामच्या आसपास घ्या, जास्त कोंबलं म्हणून जास्त मिळत नाही, उलट कन्व्हर्जन अर्धवट राहतं. घरगुती रिएजंटने करणार असाल तर सोडियम हायड्रॉक्साइडने डीनेचर, मग पीएच ५ चं ताजं बायसल्फाइट आणि हायड्रोक्विनोन, ५० डिग्रीला रात्रभर, अंधारात. किट घेतलंत तर काही तासांत होतं. बायसल्फाइटची पावडर मुंबईच्या दमट हवेत उघडी राहिली की हवेतल्या ऑक्सिजननेच खराब होते, जुनी उघडलेली बाटली पूर्ण प्रोजेक्टला चालवायची काटकसर नको. सगळी सँपल एकाच बॅचमध्ये होणार नाहीत, ठीक आहे, पण एका बॅचमध्ये सगळे कॅन्सर आणि दुसऱ्या बॅचमध्ये सगळे कंट्रोल असं चुकूनही करू नका, मिसळून लावा.

कन्व्हर्जननंतर तीन गोष्टींनी पोरं घाबरतात. एक, डीएनएचा फरसाणातल्या शेवेसारखा चुरा झालेला असतो आणि बराचसा वायाही जातो, ते नॉर्मल आहे. दोन, क्यूबिटवर (हेसुद्धा डीएनए मोजायचं मशिन) शून्य दिसतं. अहो ते डबल स्ट्रँडेडचं किट आहे, तुमचा डीएनए आता एकेरी आहे, नॅनोड्रॉपवर आरएनएच्या सेटिंगला बघा. तीन, जेलवर काहीच दिसत नाही, कारण एकेरी डीएनएमध्ये इथिडियम हा जेलचा रंग नीट बसत नाही, जेल थोडा वेळ बर्फात ठेवून परत बघा. आणि कन्व्हर्ट झालेला डीएनए नाजूक असतो, लहान लहान भागांत वाटून गोठवा आणि लवकर वापरा, परत परत वितळवू नका. पीसीआरला प्रती काढणारं एन्झाइम म्हणून साधा हॉट-स्टार्ट टॅक घ्या. कुणी फार हुशारीने प्रूफरीडिंगवाला पीएफयू सुचवला तर नको म्हणा, तो युरॅसिल दिसलं की अडकतो.

पीसीआरची पद्धत म्हणजे एमएसपी, मिथायलेशन स्पेसिफिक पीसीआर, १९९६ ची. एकाच सँपलवर दोन रिअ‍ॅक्शन, एक मिथायलेटेडच्या प्रायमरने म्हणजे एम, दुसरी अनमिथायलेटेडच्या म्हणजे यू. पी१६ चे मूळ पेपरमधले प्रायमर आजही चालतात, एमचा प्रॉडक्ट १५० आणि यूचा १५१ बेसपेअर, अनीलिंग म्हणजे प्रायमर चिकटायचं तापमान एमला ६५ आणि यूला ६० डिग्री. दोन्ही बँड एकाच उंचीवर येतात म्हणून एकाच लेनमध्ये टाकायचं नसतं. स्वतः प्रायमर डिझाइन करणार असाल तर सीपीजी प्रायमरच्या ३ प्राइम टोकाला आणा, आणि मध्ये मध्ये सीपीजीत नसलेले सायटोसीनही असू द्या म्हणजे कन्व्हर्ट न झालेल्या डीएनएवर तो बसणार नाही. सायकल ३५ ठेवा. बँड दिसत नाही म्हणून ४५ सायकल चालवल्या तर बँड दिसतोच, कुठूनही दिसतो.

प्रत्येक रनमध्ये किमान हे असायलाच हवं: एसएसएसवन एन्झाइमने पूर्ण मिथायलेट केलेला डीएनए पॉझिटिव्ह म्हणून, निरोगी माणसाच्या लिंफोसाइटचा डीएनए यू साठी, बायसल्फाइट न केलेला डीएनए ज्यात दोन्ही प्रायमरने काहीच यायला नको, आणि नुसतं पाणी. पाण्याच्या लेनमध्ये एमचा पुसटसा जरी बँड दिसला तर तो अख्खा रन रद्द. पुसट आहे, धरू नको, असं कुणी म्हणेल, ऐकू नका, कारण त्याच जेलवर पेशंटच्या लेनमधला तितकाच पुसट बँड तुम्ही पॉझिटिव्ह म्हणून धरणार आहात. डीएनए भरायची जागा आणि पीसीआर झाल्यावर ट्यूब उघडायची जागा वेगळी ठेवा, पिपेट वेगळी. लॅब छोटी आहे वगैरे सगळं खरंय, तरीपण टेबलाची दोन टोकं तरी वेगळी करा.

बँड वाचताना. एम आहे यू नाही, असं ट्यूमरमध्ये क्वचितच दिसतं, आणि दिसलं नाही म्हणून निराश होऊ नका, यूचा बँड बऱ्याचदा आतल्या नॉर्मल पेशींचा असतो. एम आणि यू दोन्ही, हे नेहमीचं. फक्त यू, म्हणजे मिथायलेशन सापडलं नाही, एवढंच लिहायचं, जीन चालू आहे असं लिहायचं नाही. पी१६ च्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण ९पी२१ चा तुकडाच्या तुकडा डिलीट होणं तोंडाच्या कॅन्सरमध्ये कॉमन आहे, मग ट्यूमर पेशीत जीनच नाही, मिथायलेट काय होणार, आणि यूचा जो बँड दिसतोय तो शेजारच्या फायब्रोब्लास्टचा. आणि दोन्ही नाही, म्हणजे रिअ‍ॅक्शन फेल, निगेटिव्ह नव्हे, हे सँपल टेबलमधून वेगळं काढून संख्या लिहायची. पैसे असतील तर रिअल-टाइम पीसीआर करा, बीटा-अ‍ॅक्टिनचे कन्व्हर्टेड डीएनएचे प्रायमर लावून त्याच्या प्रमाणात आणि एसएसएसवन डीएनएच्या तुलनेत टक्केवारी काढा, म्हणजे आहे-नाही च्या भांडणातून सुटका होते.

इथे एक जागा आहे जिथे सीनियर लोकही घसरतात, पी१६ चं आयएचसी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, स्लाइडवर प्रोटीन रंगवून बघणं. ओरोफॅरिंक्सच्या म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या एचपीव्हीवाल्या कॅन्सरमध्ये पी१६ प्रोटीन वाढतं, ७० टक्के किंवा जास्त पेशी डार्क रंगल्या तर पॉझिटिव्ह, आणि एजेसीसीच्या (कॅन्सरचं स्टेजिंग ठरवणाऱ्या अमेरिकन समितीच्या) आठव्या आवृत्तीत त्याचं स्टेजिंगही वेगळं आहे. आपल्याकडचा गाल-हिरडीचा, तंबाखूचा कॅन्सर मात्र वेगळी गोष्ट, तिथे मिथायलेशनने किंवा डिलीशनने पी१६ जातं. म्हणजे एका रिपोर्टमध्ये पी१६ पॉझिटिव्ह म्हणजे प्रोटीन भरपूर आणि तुमच्या थीसिसमध्ये पी१६ पॉझिटिव्ह म्हणजे जीन बंद. टेबलमध्ये नुसतं पी१६ पॉझिटिव्ह लिहूच नका, पी१६ मिथायलेटेड असं पूर्ण लिहा. आणि जमलं तर त्याच ब्लॉकवर आयएचसी कराच, मिथायलेशन आहे आणि प्रोटीन गेलंय हे दोन्ही एकाच पेशंटमध्ये दाखवता आलं तर कामाला वजन येतं.

गाल-हिरडीच्या कॅन्सरचा डेटा शोधताना परदेशी डेटाबेसवरच विसंबू नका. टीसीजीए या अमेरिकन कॅन्सर जीनोम प्रकल्पाचा २०१५ चा हेड अँड नेकचा डेटा, २७९ ट्यूमरचा, फुकट बघता येतो आणि बघाच, पण तिथले पेशंट मावा खाणारे नाहीत. आपल्याकडे खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक आणि कल्याणीच्या एनआयबीएमजीच्या (पहिली कॅन्सर संशोधनाची, दुसरी जीनोमिक्सची संस्था) लोकांनी आंतरराष्ट्रीय कॅन्सर जीनोमच्या प्रोजेक्टमध्ये गिंजिवोबक्कल म्हणजे हिरडी-गालाच्या कॅन्सरचं काम केलं, २०१३ मध्ये आलं, त्यात टीपी५३, कॅस्पेस-८ सोबत एमएलएल४ आणि एआरआयडी२ सारखे जीन बदललेले सापडले. हे दोन क्रोमॅटिन सांभाळणारे आहेत, म्हणजे एपिजेनेटिक्सची मशिनरीच बिघडते, डिस्कशनमध्ये दोन ओळी यावर नक्की लिहा.

आकडेमोड. सेन्सिटिव्हिटी (आजारी लोकांपैकी किती पकडले) आणि स्पेसिफिसिटी (निरोगी लोकांपैकी किती बरोबर सोडले) काढून थांबू नका. समजा तुमची टेस्ट ८० टक्के सेन्सिटिव्ह आणि ९० टक्के स्पेसिफिक आली, पेढे वाटण्यासारखे आकडे. आता ती कुठल्यातरी वस्तीतल्या १००० तंबाखू खाणाऱ्यांना लावा ज्यांच्यात १० जणांना कॅन्सर आहे असं धरा. १० पैकी ८ सापडतील, आणि उरलेल्या ९९० पैकी ९९ जण उगाच पॉझिटिव्ह येतील. १०७ जणांना तुम्ही घाबरवलंत, त्यातले ८ खरे. हीच टेस्ट डेंटल कॉलेजच्या ओपीडीत चट्टे असलेल्या २०० जणांना लावा ज्यांच्यात ४० जणांना काहीतरी गंभीर आहे, तर ३२ खरे आणि १६ खोटे, म्हणजे तीनातले दोन खरे. टेस्ट तीच, जागा बदलली. म्हणून मी पहिल्यापासून सांगतेय की चट्टेवाल्यांमध्ये काम करा. डिस्प्लेजियाच्या पेशंटना फॉलोअप करून बघितलेल्या चीनमधल्या अभ्यासांत पी१६ मिथायलेटेड असलेल्यांचं पुढे कॅन्सरमध्ये जाणं जास्त दिसलंय, उपयोग झालाच तर तो तिथे होईल. वस्तीत स्क्रीनिंग करायचं तर टॉर्च घेऊन तोंड बघणं अजून तरी सरस, केरळमधल्या ट्रायलने २००५ मध्ये दाखवलं की तंबाखू-दारूवाल्यांमध्ये नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीने मृत्यू कमी होतात. एवढी मजल कुठल्याही मिथायलेशन मार्करने तोंडाच्या बाबतीत मारलेली नाही. आतड्याच्या कॅन्सरसाठी मिथायलेशनवरच्या टेस्ट अमेरिकेत मंजूर झाल्यात, ब्रेन ट्यूमरमध्ये एमजीएमटी रोज वापरतात, त्यामुळे कल्पनेत खोट नाही.

कट-ऑफ, म्हणजे किती मिथायलेशनपासून पॉझिटिव्ह म्हणायचं, ते आधी ठरवा, डेटा बघून नको. ज्या सँपलवर कट-ऑफ काढला त्याच सँपलवर सेन्सिटिव्हिटी मोजली तर ती छानच येणार. सँपल साइझ स्टॅटिस्टिशियनला सुरुवातीलाच विचारा, डेटा घेऊन शेवटच्या आठवड्यात गेलात तर तो फिशरचा टेस्ट लावून पी व्हॅल्यू देईल आणि चहा पाजून परत पाठवेल. जेल वाचणाऱ्याला ग्रुप माहीत नसावा, ट्यूबवर फक्त कोड नंबर.

पेशंट रिझल्ट विचारतो, मॅडम माझं काय आलं. कन्सेंटमध्येच लिहून ठेवा की ही रिसर्चची टेस्ट आहे, त्यावर उपचार ठरणार नाहीत, आणि तोंडानेही सांगा. मिथायलेशन निगेटिव्ह आलं म्हणून चट्ट्याची बायोप्सी पुढे ढकलायची नाही, पॉझिटिव्ह आलं म्हणून केस पेपरवर कॅन्सर लिहायचा नाही. बायोप्सीचा रिपोर्ट तो रिपोर्ट. दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातला व्रण, घट्ट झालेला गाल, लाल चट्टा यांना लाळेच्या ट्यूबची वाट बघायला लावू नका, त्याच दिवशी पुढे पाठवा.

थीसिस लिहिताना जेलचे फोटो न कापता पूर्ण लावा, लॅडर (मापाच्या बँडची लेन) आणि पाण्याची लेन दिसेल असे, आणि मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा, पेन ड्राइव्हवर एकट्यावर नको. फेल झालेल्या सँपलचा आकडा मेथड्समध्ये नको, रिझल्टमध्ये द्या, ग्रुपप्रमाणे. विटकरी रंगाच्या सँपलमध्ये फेल जास्त झाले का तेही तिथेच दिसेल.